घोड्यांच्या रेसची नोंद शीटमध्ये कशी ठेवावी

बेळगावात रेसकोर्स नावाचा भाग आहे, पण टर्फवरची, म्हणजे गवताच्या ट्रॅकवरची, रेस प्रत्यक्ष बघायची तर पावसाळ्यात पुणं गाठावं लागतं, नाहीतर बेंगळुरू किंवा म्हैसूर. त्यामुळे आपल्याकडचे बरेच शौकीन रेस बघतात ती मोबाईलवर, आणि निकाल टिपतात वहीत. वहीत अडचण येते ती शोधताना. अमुक घोडा १२०० मीटरला याआधी कसा पळाला होता, हे बघायला पानं उलटत बसायचं. एक्सेल किंवा गूगल शीट्समध्ये हे काम क्षणात होतं, पण मांडणी सुरुवातीलाच बरोबर हवी.

पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: एका ओळीत एका रेसमधला एकच घोडा. नवखा माणूस रेसकार्ड (त्या दिवसाच्या रेस आणि घोड्यांची यादी) जसंच्या तसं उतरवतो. वर रेसचं नाव, खाली दहा घोडे, मग एक रिकामी ओळ, मग दुसरी रेस. दिसायला छान, पण त्यावर ना फिल्टर चालतो ना सॉर्ट. दहा घोडे पळाले तर दहा ओळी करा आणि तारीख, रेसकोर्स, रेस क्रमांक, अंतर, क्लास (घोड्यांच्या दर्जानुसार रेसची श्रेणी) हे प्रत्येक ओळीत पुन्हा लिहा. पुन्हा तेच काय लिहायचं, असं वाटेल. पण ती माहिती खाली ओढून कॉपी करता येते, आणि पुढची सगळी सोय त्यावरच उभी राहते.

कॉलम दोन गटांत पाडा. डावीकडे रेसआधी कळणारं: घोडा, वय, ट्रेनर, जॉकी, घोड्याच्या पाठीवरचं वजन (किलोत), ड्रॉ (सुटताना मिळालेल्या गेटचा क्रमांक), रेटिंग (घोड्याच्या कुवतीला दिलेला आकडा), भाव (पैजेचा). उजवीकडे रेसनंतर कळणारं: कितवा आला, विजेत्यापासून किती मागे, वेळ. दोन्ही गटांच्या शीर्षकांना वेगळे रंग द्या. हा नुसता टापटिपीचा भाग नाही. एखाद्या जॉकीच्या विजयाची टक्केवारी काढताना त्याच दिवसाचा निकाल आत शिरला, तर गणित आधीच उत्तर बघून सोडवल्यासारखं होतं. म्हणून एखादी रेस तपासायची असेल तेव्हा त्या तारखेच्या आधीच्याच ओळी मोजा.

आता नोंद भरताना. निकालाखाली ‘२, १/२, १-१/४’ असं छापलेलं असतं. ही अंतरं प्रत्येक घोड्यापासून त्याच्या लगेच पुढच्या घोड्यापर्यंतची असतात. म्हणजे दुसरा विजेत्याच्या २ लेंग्थ (एक लेंग्थ म्हणजे एका घोड्याची लांबी) मागे, तिसरा २.५ आणि चौथा ३.७५. बेरीज करूनच लिहा. आणि १/२ असं टाइप करू नका, शीट त्याची तारीख करून टाकते. ०.५ लिहा. नेक, हेड, शॉर्ट हेड (मानेएवढं, डोक्याएवढं आणि त्याहूनही कमी अंतर) यांना एकेक दशांश आकडा ठरवून घ्या (०.३, ०.२, ०.१ चालतील) आणि मग तो बदलू नका.

वेळेचंही तसंच. १ मिनिट १२.३४ सेकंद असेल तर ७२.३४ एवढंच लिहा. पण सगळे आकडे इंग्रजी अंकांत टाका. मराठी कीबोर्डवरचे अंक शीटला मजकूर वाटले की बेरीज, सरासरी सगळं अडतं.

आपल्या भागात नावांचा घोळ जास्त होतो. निपाणी-चिकोडीकडे एकाच घरात मराठी, कन्नड आणि इंग्रजी पेपर येतो, आणि परक्या भाषेतलं घोड्याचं नाव तिन्हींत जरा वेगळंच वाचलं जातं. तुम्ही आज एका पेपरातून आणि उद्या दुसऱ्यातून उतरवलंत की एका घोड्याचे दोन घोडे झाले. इंग्रजी रेसकार्डावरचं स्पेलिंगच प्रमाण माना. घोडे, जॉकी, ट्रेनर यांची यादी वेगळ्या शीटवर ठेवून डेटा व्हॅलिडेशनने (चौकटीत काय भरता येईल ते ठरवणारी सोय) ड्रॉपडाउन लावलंत तर चूक शिरायला जागाच उरत नाही.

जो घोडा ऐनवेळी काढून घेतला, त्याच्या निकालात शून्य टाकू नका. सरासरी बिघडते. चौकट रिकामी सोडा आणि शेरा लिहा.

ट्रॅकची स्थिती हा कॉलम बरेच जण गाळतात. पुण्याचा हंगाम पावसाळ्यात, मुंबईचा हिवाळ्यात. भिजलेल्या ट्रॅकवरची १४०० मीटरची वेळ कोरड्या ट्रॅकवरच्या वेळेशेजारी ठेवून घोडा मंदावला म्हणणं हा त्या घोड्यावर अन्याय आहे. तुलना करताना रेसकोर्स, अंतर आणि ट्रॅक तिन्ही सारखे असलेल्याच ओळी फिल्टर करा.

शंभरेक ओळी झाल्या की पिव्होट टेबल (ओळींचा आपोआप गोषवारा काढणारा तक्ता) लावा: ओळींत जॉकी, आकड्यांत एकूण रेस आणि जिंकलेल्या रेस. टक्केवारीशेजारी एकूण रेसचा आकडा दिसलाच पाहिजे. दोनांपैकी एक जिंकणारा पन्नास टक्के दाखवतो, त्याला काही अर्थ नसतो. आणि शीट आहे म्हणून पैसे लावायला निघू नका, भाव ठरवणाऱ्यांकडे याहून मोठ्या शीट असतात.

जत्रेतल्या घोडागाडी शर्यतींची नोंद ठेवायची असेल तर त्यासाठी वेगळी फाईल करा. तिथे ड्रॉ आणि रेटिंग नसतं. गाव, गाडीमालक, गाडीवान, अंतर, रस्ता की माळ आणि बक्षीस, एवढे कॉलम पुरतात.