एसएमपीएसमधून किती वॅट वाया जातात, ते मोजायचं कसं

मी भोसरी एमआयडीसीत कंट्रोल पॅनेल बांधतो. २४ व्होल्टचा एसएमपीएस, म्हणजे मेनच्या एसीचा डीसी करून देणारा पॉवर सप्लाय, निवडताना बहुतेक जण एफिशियन्सीचे टक्के विचारतात. मी सांगतो, शंभराला कमी किती पडतात ते बघा. २४ व्होल्ट, १० अँपियर म्हणजे २४० वॅट. सप्लाय ८८ टक्क्यांचा असला तर लाइनमधून तो २७३ वॅट ओढतो आणि ३३ वॅट पॅनेल तापवण्यात जातात. ९४ टक्क्यांचा घेतलात तर जेमतेम १५. मशीन चोवीस तास चालत असेल तर वर्षाला दीडशे युनिट वाचतात, पण मला त्याहून काळजी सप्लायच्या आतल्या कपॅसिटरची. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं तापमान १० अंशांनी चढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं.

मोजायला बसाल तेव्हा इनपुटला क्लॅम्प मीटर लावून व्होल्ट गुणिले अँपियर करू नका. पीएफसी (पॉवर फॅक्टर करेक्शन, म्हणजे लाइनमधून करंट एकसारखा ओढायला लावणारं सर्किट) नसलेला सप्लाय करंट झटक्याझटक्याने ओढतो. त्या गुणाकारातून वॅट मिळत नाहीत, व्होल्ट-अँपियर मिळतात, आणि चांगला सप्लायही निकामी वाटायला लागतो. खरे वॅट दाखवणारा पॉवर मीटर घ्या. तो जोडताना मेन एमसीबी बंद ठेवा. आउटपुटचे व्होल्ट सप्लायच्या टर्मिनलवरच घ्या. करंट डीसी क्लॅम्पने, पण आधी क्लॅम्प झिरो करून. लोड स्थिर झाला की दोन्ही आकडे एकाच वेळी लिहा आणि वजाबाकी करा. इथे एक मेख आहे: २५५ वॅटच्या रीडिंगमध्ये मीटर एक टक्का चुकला तरी १५ वॅटच्या उत्तरात अडीच वॅटचा फरक पडतो. म्हणून स्वस्त मीटरच्या भरवशावर दोन कंपन्यांची तुलना करू नये.

डेटाशीटवरचे टक्के बहुधा पूर्ण लोडचे असतात. २० अँपियरचा सप्लाय २ अँपियरवर चालवलात तर ते टक्के तिथे मिळणार नाहीत, कारण सप्लायला स्वतःला लागणारे वॅट लोड कमी झाला म्हणून तेवढ्या प्रमाणात कमी होत नाहीत. लोडचा ग्राफ मागून घ्या.

दोन सप्लाय रिडंडन्सीसाठी, म्हणजे एक बंद पडला तरी दुसऱ्याने काम चालावं म्हणून, डायोड मॉड्यूलने जोडले असतील तर तोही हिशेबात धरा. अर्धा व्होल्ट ड्रॉप, १० अँपियर, झाले ५ वॅट. डायोडऐवजी कमी ड्रॉपचं मॉस्फेटवालं मॉड्यूल महाग पडतं, तरी बंद पॅनेलमध्ये मी तेच लावतो.

आणि वायर! २० मीटरवरच्या व्हॉल्व्हना १ स्क्वेअर एमएमची वायर नेली, तर जाऊन-येऊन ४० मीटर तांब्याचा रेझिस्टन्स होतो सुमारे ०.७ ओहम. २ अँपियरला जवळपास दीड व्होल्ट वाटेतच जातात. व्हॉल्व्ह नीट ओढत नाही म्हणून पुष्कळ जण सप्लायवरचा पॉट (व्होल्टेज कमी-जास्त करायचा स्क्रू) फिरवून व्होल्टेज चढवतात. त्याने जवळच्या सगळ्या रिले कॉइल उगाच जास्त तापतात. त्यापेक्षा २.५ स्क्वेअर एमएम ओढा, ड्रॉप ०.६ व्होल्टवर येतो.