ठोकळ्यांतून ए-10 थंडरबोल्ट : बांधणीची सुरुवात तोफेपासून

जमिनीवरील लक्ष्यांवर हल्ला करण्यासाठीच घडवलेल्या विमानांपैकी ठोकळ्यांच्या बांधणीला सर्वांत अनुकूल विमान कोणते, असे विचारल्यास मी अमेरिकेच्या फेअरचाइल्ड रिपब्लिक कंपनीच्या ए-10 थंडरबोल्टचे नाव घेईन. त्याचे पंख मागे झुकलेले नसून सरळ आहेत, शेपटी जवळपास आयताकृती आहे आणि दोन्ही इंजिने धडाबाहेर स्वतंत्र बसवलेली आहेत. अडचण एवढीच, की आधुनिक युद्धविमानांचे संच लेगो कंपनी काढत नाही. 2020 मध्ये तर व्ही-22 ऑस्प्रे या लष्करी विमानाचा टेक्निक मालिकेतला (भोकांचे ठोकळे आणि यांत्रिक भाग असलेली लेगोची मालिका) तयार झालेला संचही विक्री सुरू होण्याच्या तोंडावर मागे घेण्यात आला. त्यामुळे आराखडा आपला आपणच करावा लागतो.

आधी प्रमाण ठरवावे. मी 1:48 हे प्रमाण सुचवतो. ठोकळ्यांवरील दोन शेजारच्या स्टडमधले (जोडणीसाठीच्या गोल उंचवट्यांमधले) अंतर 8 मिलिमीटर असते, म्हणजे या प्रमाणात एक स्टड सुमारे 38 सेंटिमीटर विमानाइतका होतो. मूळ विमानाची लांबी 16.26 मीटर आणि पंखांचा विस्तार 17.53 मीटर आहे. त्यानुसार प्रतिकृती 42 स्टड लांब आणि 46 स्टड रुंद होईल. उंची 4.47 मीटर असल्याने ती चाकांसह साधारण 29 प्लेटांच्या थराइतकी येते, कारण एका प्लेटची, म्हणजे पातळ चपट्या ठोकळ्याची, जाडी 3.2 मिलिमीटर असते. पाच प्लेटांची उंची बरोबर दोन स्टडच्या रुंदीइतकी भरते, हे गणित पाठच असावे. नाकाच्या बाजूंना स्टड आडव्या दिशेने वळवून गोलसर तुकडे बसवताना ते पावलोपावली लागते.

यानंतर पंख किंवा शेपटी हाती न घेता थेट तोफेकडे वळावे. हे विमान जीएयू-8 ॲव्हेंजर या 30 मिलिमीटरच्या, सात नळ्यांच्या तोफेभोवतीच रचलेले आहे. नळ्यांचा जुडगा फिरत असतो आणि त्यांपैकी जी नळी गोळा झाडते ती विमानाच्या मध्यरेषेवर यावी, म्हणून संपूर्ण तोफ किंचित डावीकडे सरकवलेली आहे. तिला जागा देण्यासाठी पुढचे चाक उजवीकडे ढकलले गेले आहे. अनेक प्रतिकृतींत तोफ आणि चाक दोन्ही मध्यावर बसवलेली दिसतात आणि मग कितीही बारीक काम केले तरी विमानाचा चेहरा ओळखीचा वाटत नाही.

हा असमतोल ठोकळ्यांत साधणे सोपे आहे; त्यासाठी धडाची रुंदी सम संख्येत, म्हणजे चार स्टड ठेवावी. मध्यरेषा मग दुसऱ्या आणि तिसऱ्या स्टडच्या सांध्यावर येते. वैमानिकाच्या डावीकडून मोजून दुसऱ्या स्टडच्या ओळीत तोफ बसवली, की ती आपोआप अर्धा स्टड डावीकडे जाते, आणि तिसऱ्या ओळीखाली चाक लावले, की ते तेवढेच उजवीकडे येते. डावे-उजवे नेहमी वैमानिकाच्या बाजूने धरावे. समोरून बघत बांधले तर हमखास उलटे होते. तोफेच्या तोंडासाठी गडद करड्या रंगाचे, एक स्टड व्यासाचे गोल तुकडे पुरतात. वैमानिकाच्या कक्षावरची दोन स्टड रुंदीची पारदर्शक काच मधल्या दोन ओळींवर नीट बसते आणि दोन्ही बाजूंना एकेका स्टडचे खांदे उरतात.

पंखांबाबत मात्र घाई करू नये. मुळाशी आठ स्टड रुंद असलेला पंख नुसत्या प्लेटांच्या दोन थरांनी केला तर तो हातात भक्कम वाटतो, पण तसा टिकत नाही. माझ्या पहिल्या प्रतिकृतीचे पंख फडताळावर तीन आठवडे राहिल्यावर टोकाकडून खाली झुकले. म्हणून धडातून आरपार जाणारी टेक्निक ठोकळ्यांची तुळई आधी घालावी आणि पंख तिच्यावर बसवावा. मूळ विमानात पंखांचा मधला भाग सपाट असून चाकांच्या कप्प्यांच्या बाहेरचा भाग सुमारे सात अंशांनी वर उचललेला असतो. खटक्याची बिजागरी 22.5 अंशांच्या टप्प्यांनी फिरते, त्यामुळे ती येथे निरुपयोगी आहे. साधी बिजागरी वापरावी, तुळई तिच्यापुढे तीन स्टड वाढवावी आणि टोकाशी एका प्लेटचा उंचवटा देऊन बाहेरचा पंख त्यावर टेकवावा. कोन जवळपास सात अंशांचाच येतो आणि टिकतो.

मागची चाके पंखांखालच्या कप्प्यांत पुढच्या दिशेने मिटतात आणि मिटल्यावरही अर्धी बाहेर राहतात. उडत्या अवस्थेतली प्रतिकृती हवी असल्यास ही अर्धी चाके विसरू नयेत.

इंजिनांसाठी चार स्टड व्यासाचे गोल ठोकळे योग्य ठरतात. ती धडाच्या मागच्या भागात, पंखांच्या मागे आणि उंचावर असावीत, कारण धावपट्टीवरचे खडे आत ओढले जाऊ नयेत आणि गरम झोत जुळ्या शेपट्यांच्या आडोशाने खालून झाकला जावा, यासाठीच मूळ रचना तशी आहे. आडव्या शेपटीची रुंदीही धडाप्रमाणे सम संख्येतच ठेवावी.

रंगासाठी दोन करड्या छटा पुरतात. जुन्या पेटीतले तुकडे वापरत असाल तर दिवसाच्या उजेडात निवडून घ्यावेत. 2004 च्या सुमारास लेगोचा करडा रंग निळसर झाला आणि जुन्या-नव्या तुकड्यांची सरमिसळ पंखावर ठिगळासारखी दिसते.

काच बसवण्यापूर्वी तोल तपासावा. खऱ्या ए-10 मधून तोफ काढायची असेल तर आधी शेपटीखाली जॅक लावावा लागतो, नाहीतर विमान मागे कलंडते. आपल्या प्रतिकृतीत तर तोफ पोकळच असते. म्हणून वैमानिकाच्या आसनापुढे दोन गुणिले चार स्टडची पोकळी राखून ठेवावी, तीत नाणी किंवा लोखंडी वायसर एकेक करून टाकावेत, आणि शेपटीवर बोटाने हलके दाबून सोडल्यावर पुढचे चाक स्वतःहून टेबलावर परत टेकू लागले, की झाकण लावून काच बसवावी.