मिसळीचा ब्रेड फ्रिजमध्ये ठेवू नका

कोल्हापुरात मिसळीबरोबर पाव नाही, स्लाइस ब्रेड लागतो. (पुणेकरांनी रागावू नये.) उरलेला ब्रेड फ्रिजात टाकला की दुसऱ्या दिवशी कोरडा, भुसभुशीत लागतो. पाणी उडालं असं वाटतं, पण मुख्य दोष स्टार्चचा. त्याच्या साखळ्या गोल जिन्यासारख्या वळतात, दर फेऱ्याला ग्लुकोजचे साधारण 6 घटक. भट्टीत पाणी आणि उष्णतेने ही घडी विसकटते, म्हणून ताजा ब्रेड मऊ. गार झाल्यावर अमायलोपेक्टिनच्या (स्टार्चमधल्या फांद्या असलेल्या रेणूच्या) फांद्या दोन-दोन मिळून पुन्हा पीळ घालतात, स्फटिक बनवतात. हे काम सगळ्यात वेगाने चालतं 0 ते 5 अंशांच्या आसपास, म्हणजे नेमकं फ्रिजमध्येच!

एक-दोन दिवसांत संपणारा ब्रेड डब्यात बाहेरच ठेवा. आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशी लवकर धरते, तेव्हा जास्तीचा सरळ फ्रीजरमध्ये. कडक झालेल्या स्लाइसवर पाण्याचा हलका हबका मारून, झाकण ठेवून तव्यावर गरम करा. 60 अंशांपुढे ते स्फटिक वितळतात. मात्र कट उकळल्यावरच ब्रेड तव्यावर टाका, कारण गार झाला की पुन्हा कडक.