रंगावर चिकटवायचं म्हणजे

मागच्या पावसाळ्यात माझ्या मॉडेल रेल्वेचं कर्जत स्टेशन हातात आलं. फलाट धरून गाडी रुळावर ठेवायला गेलो, तर तो अख्खा उचलला गेला. उलटा करून पाहिला: फेविकॉलचा थर जसाच्या तसा आणि त्याला चिकटलेली हिरव्या डिस्टेंपरची साल. गोंदानं पकड सोडलीच नव्हती. प्लायवूड सोडलं ते रंगानं.

तेव्हापासून गोंदाआधी रंगाची परीक्षा घेतो. दिसणार नाही अशा कोपऱ्यात सेलोटेप नखानं घट्ट दाबायची आणि झटक्यात ओढायची. टेपबरोबर रंग आला तर तिथे कुठलाही गोंद टिकणार नाही, खरवडून काढा. डिस्टेंपर असेल तर टेपसुद्धा वाया घालवू नका, सरळ खरवडा.

टेप कोरी निघाली, की बघायचं पाणी कुठून जाणार ते. फेविकॉल सुकतो तो त्यातलं पाणी गेल्यावर. ऑइलपेंटचा डोंगर आणि त्यावर प्लास्टिकचं घर, दोघंही पाणी पीत नाहीत. मधला गोंद दोन-दोन दिवस पांढराच. तिथे अ‍ॅराल्डाइट, म्हणजे दोन ट्यूब मिसळून लावायचा गोंद, वापरा, तेही रंगाची चकाकी २२० नंबरच्या पॉलिश पेपरनं घालवून. पुठ्ठ्याचं घर मात्र पाणी ओढून घेतं, त्याला फेविकॉल चालतो.

प्लास्टिकला प्लास्टिक जोडणारं सिमेंट प्लास्टिक विरघळवून सांधा करतं. मध्ये रंग असला की नुसता रंगाचा चिखल होतो. म्हणून रंगवण्याआधीच जोडाच्या कडांवर मास्किंग टेप लावतो.

फेविक्विक सिग्नलच्या खांबांना उत्तम, पण खिडक्यांजवळ नको. त्याच्या वाफेनं माझ्या एका डब्यात कायमचं खंडाळ्याचं धुकं शिरलंय! थर्मोकोलवर रबराचं सोल्यूशनही नको. वरून रंग असला तरी पातळ जागेतून आत शिरून थर्मोकोल खातं.

रुळांमधली खडी चिकटवायला फेविकॉलमध्ये तेवढंच पाणी आणि भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब. हे पाणी खालच्या रंगात मुरतं, त्यामुळे तिथे आधी प्लास्टिक इमल्शन देऊन दोन दिवस सुकू द्या.

फलाटाखालचा पट्टा मी लाकडापर्यंत खरवडला, तेवढ्यावरच फेविकॉल लावला आणि रात्रभर वर वरवंटा ठेवला. सकाळी चटणी वाटायला तो सापडेना, त्यावरून ऐकून घ्यावं लागलं ते वेगळंच.