नव्या ऑपरेटरला काम कसे शिकवावे

नवा ऑपरेटर आला की त्याला जुन्या कामगाराशेजारी उभे करून "बघून शीक" म्हणायचे, ही अनेक लहान वर्कशॉपमधली रीत आहे. तो शिकतोही, पण हातोटीबरोबर चुकाही उचलतो आणि त्यांचा हिशेब पुढे रिजेक्शनमध्ये, म्हणजे नापास झालेल्या मालात, चुकता करावा लागतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील कारखान्यांना अननुभवी माणसे झपाट्याने तयार करावी लागली, तेव्हा १९४० मध्ये सुरू झालेल्या 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' या उपक्रमाने शिकवण्याच्या चार पायऱ्या ठरवल्या: शिकणाऱ्याची तयारी, काम करून दाखवणे, त्याच्याकडून करून घेणे आणि नंतर लक्ष ठेवणे. युद्धानंतर हीच पद्धत जपानमध्ये रुजली. पुण्याजवळच्या भोसरीतल्या दहा माणसांच्या शॉपलाही ती तितकीच लागू पडते.

शिकवण्याआधी कामाचे टप्पे कागदावर उतरवावेत आणि प्रत्येक टप्प्यापुढे त्याचे कारण लिहावे. हे कारणच बहुधा सांगायचे राहून जाते. मायक्रोमीटरचे, म्हणजे बारीक माप घेण्याच्या उपकरणाचे, उदाहरण घ्या. "रॅचेटनेच फिरव", म्हणजे ठरावीक दाबाला घसरणाऱ्या टोकाच्या मुठीने, एवढे सांगितले तर मुलगा दोन दिवस ऐकेल; पण थिंबल (खुणा असलेली फिरती नळी) हाताने आवळले की प्रत्येकाचा दाब वेगळा पडतो आणि एकाच जॉबचे (मशीनवर बनणाऱ्या भागाचे) माप माणसागणिक बदलते, हे त्याला दाखवले तर तो रॅचेट सोडणार नाही. तसेच लेथवरून नुकताच उतरलेला ५० मिमी व्यासाचा पोलादी शाफ्ट २० अंश सेल्सिअसने जास्त गरम असेल, तर तो सुमारे ०.०१ मिमी मोठा भरतो, म्हणजे थिंबलवरचा एक पूर्ण भाग. जॉब गार होऊ द्यायचा तो यासाठी. तोच शाफ्ट गरम असताना आणि गार झाल्यावर त्याच्याकडूनच मोजून घ्यावा.

नंतर त्याला काम करू द्यावे आणि करता करता कारणे बोलायला लावावीत. पहिल्या दिवशी प्रत्येक जॉब तपासावा, मग हळूहळू तपासणी कमी करावी. शिकवणाऱ्याचे त्या दिवसांतले उत्पादनाचे टार्गेट मात्र कमी करायलाच हवे; ते तसेच ठेवून शिकवण्याची अपेक्षा धरणे माझ्या मते अन्यायाचे आहे.

प्रशिक्षणाचा उपयोग झाला का, हे पाहण्यासाठी आधीच्या महिन्यातील रिजेक्शन आणि मशीनच्या सेटिंगला लागलेला वेळ टिपून ठेवावा व त्याच मशीनवरच्या, त्याच जॉबच्या पुढच्या आकड्यांशी ताडून पाहावा. फरक पडला नसेल, तर मुलाला बोल लावण्याआधी टूलची धार आणि मालाचा दर्जा तपासावा.