घूस पिंजऱ्यात, खेकडा पातेल्यात

आमच्या पाटण तालुक्यात घराभोवती काय काय येतं ते सांगायला बसलं तर रात्र सरेल. माळ्यावर उदमांजर, खुराड्यापाशी मुंगूस, रताळ्याच्या वाफ्यात साळिंदर, उसात रानडुक्कर, तुळशीकट्ट्याखाली घूस आणि भाताच्या बांधात खेकडे. यातलं पकडायचं काय आणि खायचं काय, हे आधी ठरवून घ्या. नाहीतर जनावर बाहेर आणि तुम्ही आत, असं व्हायचं.

वन्यजीव संरक्षण कायदा 1972 सालचा आहे. ससा, मोर, तित्तर, रानडुक्कर, साळिंदर, घोरपड, उदमांजर, मुंगूस यांतलं काहीही तुमच्या अंगणात आलं म्हणून तुमचं होत नाही. फास लावणंही शिकारच धरतात. घोरपड तर पहिल्या अनुसूचीत आहे, तिच्यापायी तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते. ‘आमच्या आज्यानं खाल्लीय’ हे कोर्टात चालत नाही. डुकरासाठी कुंपणात करंट सोडणारे आहेतच, पण त्या तारेला डुकराआधी शेजारचा माणूस चिकटतो. पीक खाल्लं तर लगेच वनखात्याकडे नुकसानीचा अर्ज करा. जनावर घरात अडकलं तर वनविभागाचा 1926 हा टोल फ्री नंबर लावा. माळ्यावरच्या उदमांजराला मात्र पिंजरा लागत नाही. ते अंधार पडल्यावर बाहेर पडतं, तेव्हा कौलाखालची फट बुजवायची. आधी आत पिल्लं नाहीत ना, तेवढं बघून घ्या.

मग आपल्या हाती उरले दोघं, घूस आणि खेकडा.

घुशीची ओळख सोपी. बिळाच्या तोंडाशी उकरलेल्या मातीचा ढीग असतो आणि बीळ मनगटाएवढं रुंद. पूर्ण वाढलेली घूस किलोभर भरते. आमचा तुळशीकट्टा एका पावसाळ्यात एका बाजूनं चार बोटं खचला, तेव्हा कुठे आम्हाला जाग आली.

पहिल्या संध्याकाळी सगळ्या बिळांची तोंडं ओल्या चिखलानं बुजवा. सकाळी जे उकरलेलं दिसेल ते राहतं बीळ. बाकीच्यांपाशी पिंजरा लावणं म्हणजे रिकाम्या घराला कडी लावणं.

पिंजरा मोठा घ्या, पडत्या दाराचा. घरातल्या उंदराचा छोटा पिंजरा घूस नुसता ढकलत नेते. तो भिंतीला लागून ठेवा, कारण घूस मोकळ्या अंगणातून न जाता भिंतीच्या कडेकडेनं पळते. वर जुनं पोतं टाका, तोंड तेवढं उघडं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथंच लोक घाई करतात. पहिल्या तीन रात्री दार तारेनं वर बांधून ठेवा आणि आत नुसतं खायला ठेवा. घूस नव्या वस्तूला बिचकते. आमच्याकडे पहिल्या रात्री पिंजऱ्याच्या तोंडाशी ठेवलेलं भजं गेलं, आतलं तसंच. दुसऱ्या रात्री अर्ध्यापर्यंतचं गेलं. तिसऱ्या रात्री आकड्याचंही. चौथ्या रात्री तार सोडली आणि दोनच्या सुमाराला खाडकन दार पडलं.

आमिष म्हणून भाकरीचा तुकडा सगळे लावतात, पण घरात धान्य असताना ती भाकरीला कशाला येईल? भाजलेला सुका बोंबील किंवा कांदाभजी लावा, वासानं काम होतं. आकड्याला दोऱ्यानं घट्ट बांधा, नाहीतर ओढून नेते आणि दार वरच. हाताला प्लॅस्टिकची पिशवी घाला. माणसाचा वास लपतो, आणि उंदीर-घुशीच्या मुतातून लेप्टो होतो, त्याचीही काळजी घेतली जाते. पायाला जखम असेल तर पावसात अनवाणी त्या बाजूला फिरू नका.

पिंजऱ्यात चिचुंद्री सापडली तर सोडून द्या. तोंड लांबट, वास उग्र, पण ती उंदराच्या जातीची नाही, किडे खाते. घूस सापडली तर पुढं काय, हा प्रश्न नाजूक आहे. दुसऱ्याच्या शेतात नेऊन सोडणं म्हणजे आपली पीडा त्याच्या गळ्यात. पाण्यात पिंजरा बुडवतात, ते मला बघवत नाही. म्हणून मी आता जोरदार स्प्रिंगचा मोठा चापच लावतो, एका झटक्यात काम होतं. तो खोक्याखाली ठेवा, मांजराचा पाय जायला नको. मेलेली घूस हातभर खोल पुरा, वर चुना टाका. तिची भाजी वगैरे काही नाही, विचारू नका.

विषाच्या वड्या टाळा. विष खाल्लेला उंदीर घुबडानं किंवा मांजरानं खाल्ला की तेही जातं, आणि घुबडाएवढा उंदरांचा वैरी दुसरा कोण आहे? चिकट पुठ्ठ्याला तर पाली आणि सरडेच जास्त चिकटतात.

आता खेकडा. कोकणात तिवरे धरण 2019 साली फुटून माणसं गेली, तेव्हा खेकड्यांचं नाव पुढं केलं गेलं. ते मला पटलं नाही. पण खाचराचा वीतभर बांध तो पोखरतो हे खरं, सकाळी जाऊन बघावं तर पाणी खालच्या खाचरात. त्यामुळं पहिल्या दमदार पावसानंतर बॅटरी घेऊन निघणं हे एका दगडात दोन पक्षी मारणं. मात्र कोयना अभयारण्याच्या हद्दीत नाही. फवारणीच्या द्राक्षबागेखालचा ओढाही नको, वाळव्या-तासगावच्या पाहुण्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

रात्रभर जागायचं नसेल तर तेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा बांधाच्या कडेला काठापर्यंत पुरा, तळाशी ओला पाला आणि थोडी सुकट. गुळगुळीत पत्र्यावर खेकड्याला चढता येत नाही. दिवस उगवायच्या आत डबा बघा. खेकडा उलटा करून पोट बघायचं. पोटाखालची पट्टी रुंद असेल तर मादी. पट्टीखाली अंडी किंवा बारकी पिल्लं असतील तर लांबच्या ओढ्याला सोडून द्या. मेलेला खेकडा घेऊ नका. पकडताना मागून पाठीवर अंगठा आणि पोटाखाली बोटं. नांगीत बोट सापडलं तर ओढू नका, तो जास्त आवळतो. पाण्यात हात धरा, सोडतो.

चौघांना आठ मध्यम खेकडे. उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवून काढा, मग पाय आणि नांग्या मोडा, पाठ उघडून दोन्ही बाजूंचे पिसासारखे कल्ले काढून टाका, धुवा. बारके पाय टाकायचे नाहीत. पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये थोड्या पाण्यात वाटून दोनदा गाळा. कालवणाला दाटपणा आणि खरी चव या पाण्यानं येते, आई याला अजिबात तडजोड करत नाही. दोन कांदे, अर्धी वाटी सुकं खोबरं, दहा-बारा लसूण पाकळ्या, आलं, कोथिंबीर असं वाटण भाजून करा. तेलात ते तेल सुटेपर्यंत परता, हळद आणि दोन चमचे कांदा-लसूण चटणी घाला, नांग्या ठेचून टाका, खेकडे परता, मग गाळलेलं पाणी आणि मीठ. शेवटी दोन आमसुलं.

उकळी आल्यावर झाकण ठेवून वीस मिनिटं, कमी नाही. गोड्या पाण्यातल्या अर्धकच्च्या खेकड्यातून फुप्फुसात जंत होतात, आणि तो खोकला टीबीसारखा वाटतो. निखाऱ्यावर भाजून अर्धवट खाणाऱ्यांनी ऐकावं.

सोबत तांदळाची भाकरी आणि भात. जेवण झाल्यावर कवचं आणि टरफलं परसात भिरकावू नका, नारळाच्या आळ्यात खोल पुरा. आम्ही एकदा तशीच टाकली होती, सकाळी कट्ट्यापाशी ताज्या मातीचा ढीग.