अर्धवट ॲप पुन्हा हललं कसं

गुऱ्हाळवाल्या काकांसाठी गुळाच्या सौद्यांचे भाव टिपणारं छोटं ॲप लिहायला घेतलं होतं. नोकरीनंतर त्याला हात लागेना. गिटहब म्हणजे कोड ठेवायची वेबसाइट. तिथं ज्या दिवशी कोडमध्ये बदल नोंदवला, त्या दिवसाचा चौकोन प्रोफाइलवर हिरवा होतो. ते चौकोन रोज भरायचं ठरवलं. चौकोन भरले, ॲप तिथंच! रीडमीतला (ॲपच्या माहितीच्या फाइलमधला) स्वल्पविराम बदलला तरी चौकोन हिरवा होतोच की. सलग दिवसांचा आकडा गिटहबनं २०१६ मध्ये प्रोफाइलवरून काढला, बरंच केलं. हॅकटोबरफेस्ट या ऑक्टोबरातल्या ओपन सोर्स उपक्रमातही २०२० साली टी-शर्टसाठी फालतू पुल रिक्वेस्टचा, म्हणजे दुसऱ्याच्या कोडमध्ये बदल सुचवण्याचा, पूर आला. मग ज्या रिपॉझिटरींना (कोडच्या प्रकल्पांना) उपक्रमात यायचंय त्यांनीच यावं, असा नियम झाला.

म्हणून राजारामपुरीतल्या मित्रांचा व्हॉट्सॲप ग्रुप केला. त्यात गुण ठेवले. कमिटला, म्हणजे नुसता बदल नोंदवण्याला, गुण शून्य. दुसऱ्यानं ॲप स्वतःच्या फोनवर चालवून बघितलं तर लिहिणाऱ्याला एक गुण. त्याला बग (चूक) सापडला तर दोघांनाही एकेक. हा नियम खरा कामाचा, कारण त्यामुळं लोक आपणहून दुसऱ्याचं उघडून बघतात. महिनाअखेर जो तळाला, त्यानं सगळ्यांना मिसळ द्यायची. अर्थात गुणांपेक्षा "भावा, कुठवर आलं?" हा मेसेजच जास्त कामाला लावतो.

काका आता सौदा झाला की भाव बघतात. अक्षरं मोठी करून मागितली आहेत, ते काम या आठवड्यात.